शंभर कोटींतून एक शोधण्याआधी : रेसिंगच्या ‘टॅलेंट हंट’ भरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पदाधिकारी, फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया,
तसेच देशभर रेसिंगच्या ‘टॅलेंट हंट’ भरवणारे सर्व क्लब, संघ आणि टायर कंपन्या

सप्रेम नमस्कार.

बक्षीस समारंभात एक वाक्य हमखास कानावर पडते : “हे रक्तातच असावं लागतं हो.” टाळ्या पडतात, पोराचा बाप सुखावतो, फोटो निघतात. नुसते कौतुक असते तर मी कानाआड केले असते. पण निवडीची सगळी पद्धतच या वाक्यावर उभी आहे. गुण जन्मजात असतो असे एकदा धरले की काम फार सोपे होते. एक रविवार काढायचा, भाड्याच्या कार्ट (शर्यतीच्या बुटक्या, उघड्या छोट्या गाड्या) लावायच्या, प्रत्येक पोराला मोजक्या फेऱ्या द्यायच्या, ज्याची एखादी फेरी सर्वांत कमी वेळाची त्याला पुढच्या शहरात न्यायचे. उरलेल्यांना पाण्याची बाटली आणि प्रमाणपत्र. ज्याच्यात आहे तो दिसेलच. दिसला नाही म्हणजे नव्हताच. शितावरून भाताची परीक्षा.

मी कोल्हापूरचा. कार्टिंगच्या शर्यतींना फ्लॅग मार्शल म्हणून, म्हणजे ड्रायव्हरांना झेंडे दाखवायला, वळणावर उभा राहतो. माझे स्वतःचे ड्रायव्हिंग कसे आहे हे कृपया माझ्या घरी विचारू नये. पण वळणावर उभ्या माणसाला जे दिसते ते टायमिंगच्या खोलीत बसलेल्याला दिसत नाही, म्हणून हे पत्र.

आधी रक्ताचा हिशेब करू, कारण तिथे आपली बाजू वरवर भक्कम दिसते. मॅक्स व्हर्स्टॅपेनचे नाव आपण घेणारच. बाप योस फॉर्म्युला वनमध्ये शंभरावर शर्यती धावलेला, आई सोफी कुंपेन स्वतः कार्टिंगमधली जबरदस्त खेळाडू. पोरगा साडेचार वर्षांचा असताना कार्टमध्ये बसला, २०१५ साली १७ व्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये उतरला आणि पुढच्याच वर्षी, १८ व्या वर्षी, स्पेनची शर्यत जिंकला. खाण तशी माती म्हणायला याहून चांगले उदाहरण कुठले?

आता दुसऱ्या खाणी बघा. मिक शूमाखर. बाप मायकेल सात वेळा जगज्जेता. मुलगा २०२० साली फॉर्म्युला वनच्या लगेच खालची पायरी असलेल्या फॉर्म्युला २ चा विजेता झाला, म्हणजे कच्चा मुळीच नाही. पण फॉर्म्युला वनमध्ये हास संघाकडून दोन मोसम धावून त्याची सर्वोत्तम कामगिरी सहावा क्रमांक. १९५० पासून ही अजिंक्यपद स्पर्धा चालू आहे आणि बाप-लेक दोघेही जगज्जेते अशा जोड्या किती? दोन. ग्रॅहम आणि डेमन हिल, केके आणि निको रोझबर्ग. इतक्या बाप-लेकांनी नशीब आजमावले आणि हाती दोन जोड्या.

फर्नांडो अलोन्सोच्या घरची गोष्ट मला याहून बोलकी वाटते. स्पेनमधल्या ओव्हिएडोला वडील स्फोटकांच्या कारखान्यात कामाला. त्यांनी हाताने एक कार्ट बनवली ती फर्नांडोसाठी नव्हे, थोरल्या मुलीसाठी, लोरेनासाठी. तिला त्यात फार रस वाटला नाही. तीन वर्षांचा फर्नांडो त्यात बसला, आणि त्याचे पाय पुरावेत म्हणून पेडल बदलावी लागली. आई-बाप तेच, घर तेच, कार्टही तीच. एक जण २००५ आणि २००६ चा जगज्जेता झाला आणि एकीला तो खेळ नकोसा वाटला. आता यात जन्मजात काय होते? असेलच तर ती ओढ. आणि ओढ स्टॉपवॉचवर उमटत नाही.

आपल्याकडे या. नारायण कार्तिकेयन, भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर, २००५ साली जॉर्डन संघाकडून. वडील रॅली गाजवलेले. करुण चंढोक, २०१० साली हिस्पानिया संघाकडून. वडील विकी चंढोक रॅली ड्रायव्हर आणि आपल्याच फेडरेशनचे माजी अध्यक्ष. आजोबा इंदू चंढोक मद्रासच्या मोटर स्पोर्ट्स क्लबच्या संस्थापकांपैकी. मैनी बंधू, अर्जुन आणि कुश, ज्या घराण्याने ‘रेवा’ ही विजेवरची गाडी काढली त्या घरातले. आमच्या कोल्हापूरचे कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला ३ पर्यंत गेले. या सगळ्यांनी घाम गाळला आहे आणि मला त्यांचे कौतुकच आहे. पण या यादीकडे बघून “रक्त” म्हणायचे की “गॅरेज” म्हणायचे? घरात रेसिंग असले की पोराला पाचव्या वर्षी हेल्मेट मिळते, टायरचा दाब म्हणजे काय हे जेवणाच्या टेबलावर कळते, नारायणसारखे फ्रान्सच्या विनफिल्ड रेसिंग स्कूलला जाता येते. डोळ्यांचा रंग रक्तातून येतो हे मान्य. सरावाच्या टायरचे पैसे रक्तातून येत नाहीत.

उलट बाजूने डेमन हिल बघा. बाप ग्रॅहम १९६२ आणि १९६८ चा जगज्जेता, १९७५ साली विमान अपघातात गेला तेव्हा डेमन १५ वर्षांचा. घरची आर्थिक घडी पार विस्कटली. पोराने मोटरसायकलवरून कुरियर पोहोचवले, आधी मोटरसायकलच्याच शर्यती केल्या, विशी ओलांडल्यावर गाड्यांकडे वळला, ३१ व्या वर्षी फॉर्म्युला वन आणि ३६ व्या वर्षी, १९९६ साली, जगज्जेता. रक्त होतेच, पण पैसा आटला तेव्हा त्या रक्ताने त्याला आठव्या वर्षी कार्टमध्ये नेऊन बसवले नाही. आणि त्याचा बाप तरी कुठे जन्मजात होता? ग्रॅहम हिलने साधी गाडी चालवायची परीक्षा दिली तीच २४ व्या वर्षी. पुढे ब्रँड्स हॅच ट्रॅकवर पैसे भरून चार फेऱ्या मारल्या आणि तिथून वेड लागले. आपल्या आजच्या वयोमर्यादेत हा माणूस अर्जही भरू शकला नसता.

लुईस हॅमिल्टनच्या घरी रेसिंग नव्हते. वडील अँथनी यांनी दोन-तीन नोकऱ्या एकदम करून कार्टचा खर्च भागवला. त्यांची एक युक्ती प्रसिद्ध आहे, आणि आपण मला विचाराल तर प्रशिक्षणावरच्या जाड पुस्तकांपेक्षा ती मोलाची. ते ट्रॅकच्या कडेने चालत जायचे, सर्वांत वेगवान पोरगा वळणाआधी नेमका कुठे ब्रेक लावतो ते बघायचे, आणि त्याच्या काही पावले पुढे जाऊन उभे राहायचे. लुईसला सांगणे एकच : तू इथे लाव. सुरुवातीला तो घसरून बाहेर जायचा. पुन्हा तेच, पुन्हा बाहेर. मग एक दिवस जमले. आज सगळे जग त्याच्या उशिरा ब्रेक लावण्याला “नैसर्गिक देणगी” म्हणते. त्या देणगीसाठी एक माणूस वर्षानुवर्षे गवतात उभा होता.

आणि ब्राझीलचा जगज्जेता आयर्टन सेना. पावसातला सेना म्हणजे दैवी देणगी, असे सगळेच म्हणतात. १९८४ ची मोनॅको : टोलमनसारख्या दुय्यम गाडीत तेराव्या जागेवरून सुटून मुसळधार पावसात दुसरा. १९९३ ची डॉनिंग्टन : पहिल्याच ओल्या फेरीत पाचव्यावरून पहिला. पण साओ पावलोत कार्टिंग करणारा पोरगा पहिल्या ओल्या शर्यतीत सपशेल हरला होता. सगळे त्याला मागे टाकून गेले. त्यानंतर पाऊस आला की इतर पोरे घरात आणि हा कार्ट घेऊन ट्रॅकवर, अंगात थंडी भरेपर्यंत. म्हणजे देणगी आकाशातून आली हे खरे, पण पावसाच्या रूपाने, आणि ती घ्यायला हा एकटाच बाहेर उभा होता. त्या हरलेल्या दिवशी आपली टॅलेंट हंट असती तर आयर्टन सेना दा सिल्व्हा या मुलाला प्रमाणपत्र आणि पाण्याची बाटली मिळाली असती.

एवढे वाचून आपल्याला वाटेल की हा माणूस “सगळे सरावाने जमते” या पंथातला. तसे नाही. मी इतकी पोरे वळणावरून जाताना बघितली आहेत की त्या पंथावर माझा विश्वास बसणे शक्य नाही. बापाने पैसा ओतला, मेकॅनिक ठेवला, परदेशी कोच आणला, पोरगा वर्षानुवर्षे फेऱ्या मारतोय, आणि तरी तो पहिल्या तीनांच्या जवळ येत नाही, अशी उदाहरणे प्रत्येक ट्रॅकवर आहेत. अभ्यासकही हेच सांगतात. २०१४ साली मॅकनमारा, हॅम्ब्रिक आणि ओसवाल्ड यांनी सरावावरची जुनी संशोधने एकत्र करून हिशेब मांडला : खेळांमध्ये खेळाडू-खेळाडूंतल्या फरकापैकी सुमारे १८ टक्केच फरक ठरवून केलेल्या सरावाने समजावता येतो. दोन वर्षांनी त्यांच्यापैकी दोघांनी एका सहकाऱ्यासोबत केवळ सर्वोच्च पातळीवरचे खेळाडू घेतले तेव्हा हा आकडा १ टक्क्यावर आला. साहजिकच, कारण तिथे पोहोचेपर्यंत सगळ्यांनीच रगडून सराव केलेला असतो. दहा हजार तास घातले की कोणीही जगज्जेता होतो हे ऐकायला छान आहे, पण ते कोचिंगची फी घेणाऱ्यांनाच जास्त आवडते.

किमी रायकोनेन २००१ साली फॉर्म्युला वनच्या सॉबर संघाच्या गाडीत बसला तेव्हा त्याच्या नावावर गाड्यांच्या अवघ्या २३ शर्यती होत्या. त्याला परवाना द्यावा की नाही यावर वाद झाला. ऑस्ट्रेलियात पहिल्याच शर्यतीत त्याने गुण मिळवला. त्यामागे लहानपणापासूनचे कार्टिंग होते हे खरे, पण तेवढे कार्टिंग केलेली पोरे शेकड्यांनी होती. तेव्हा काहीतरी असते. कुणात जास्त, कुणात कमी. प्रश्न एवढाच की ते नेमके काय, आणि आपण तेच मोजतो आहोत का?

पुष्कळांना वाटते की ते म्हणजे प्रतिक्षिप्त क्रिया, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच हात हलणे. दिवे विझल्यावर फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर साधारण ०.२ ते ०.३ सेकंदात निघतात. कॉलेजातली चपळ पोरे प्रयोगशाळेत बटण दाबताना याच्या फार मागे नसतात. ती क्रिया कामाची आहे, पण खजिना तिथे नाही. २००१ साली मायकेल लँड आणि बेंजामिन टॅटलर या दोघांनी इंग्लंडच्या मॅलरी पार्क ट्रॅकवर टोमास शेक्टर या व्यावसायिक ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या आणि डोक्याच्या हालचाली टिपल्या. त्याचे डोके गाडीच्या आधी वळत होते, सुमारे एक सेकंद आधी. गाडी पुढच्या क्षणी किती वळणार आहे हे डोक्याच्या वळण्यावरून सांगता येत होते. तो जे घडतेय त्याला उत्तर देत नव्हता. जे घडणार आहे तिथे आधीच जाऊन पोहोचलेला होता.

हे वाचल्यापासून मी हेअरपिनवर, म्हणजे जवळजवळ उलट फिरणाऱ्या वळणावर, उभा असताना कार्टकडे कमी आणि हेल्मेटकडे जास्त बघतो. आपणही एकदा बघा. पोरांच्या कार्टला ब्रेक फक्त मागच्या अ‍ॅक्सलला असतो, आणि डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसल्याने मागची दोन्ही चाके एकदमच फिरतात. त्यामुळे नवख्याचे दोन अपघात ठरलेले. वळता वळता ब्रेक दाबला की मागचा भाग फिरून कार्ट उलट तोंडाने उभी. आणि घाबरून स्टिअरिंग हळूहळू फिरवले की आतले मागचे चाक उचलले जात नाही, दोन्ही चाके ढकलत राहतात आणि कार्ट सरळ टायरच्या भिंतीकडे निघते. पहिल्या काही फेऱ्यांत सगळ्या पोरांचे हेल्मेट खाली असते, पुढच्या चाकाकडे किंवा पुढच्या कार्टच्या बंपरकडे. मग एखादे पोर असे निघते की चौथ्या-पाचव्या फेरीला ब्रेकचा आवाज येतो तोवर हेल्मेट वळून बाहेर पडण्याच्या जागेकडे गेलेले असते. ब्रेक सरळ रेषेत, पाय सुटला, हात एकदाच आणि नेमका फिरला, आतले चाक बोटभर उचलले आणि टेकले. त्याची वेळ अजून खराबच असते, कारण तो पुढची सरळ वाट अजून भीत भीत चालवतोय. टायमिंगच्या कागदावर तो चौदावा असतो. पण कुणी न सांगता चार फेऱ्यांत त्याने जे उचलले ते कागदावर पहिल्या असलेल्या पोराने कदाचित दोन मोसमांत उचलले असेल.

माझे म्हणणे असे की जन्मजात जे काही असते ते मुख्यतः हे आहे : शिकण्याचा वेग, आणि त्या वेगाला पुरेल एवढी ओढ. तो वेग एका फेरीच्या वेळेत दिसतच नाही. आधीची फेरी आणि नंतरची फेरी यांच्या मधल्या फरकात तो दिसतो, आणि तो फरक आपण कुठेच नोंदवत नाही.

आमच्याकडे तालमीत वस्ताद पोराला पहिल्या दिवशी किती जणांना पाडले यावर जोखत नाही. हौद्यातली माती उकरायला लावतो, जोर-बैठका काढून घेतो, एखादा डाव दाखवतो आणि गप्प बसतो. पोरगा तो डाव किती दिवसांत उचलतो, आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे येतो की नाही, एवढेच बघतो. कोल्हापुरात तालीमही आहे आणि मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅकही आहे, पण एकाची अक्कल दुसरीकडे पोहोचायला एवढा वेळ का लागावा कळत नाही.

मग आपल्या एका रविवारच्या हंटमध्ये काय मोजले जाते? भाड्याच्या दोन कार्टची इंजिने कधीच सारखी नसतात. टायर कुणाचे कालचे, कुणाचे गेल्या महिन्याचे. तीस किलोचा पोरगा आणि पंचेचाळीस किलोचा पोरगा एकाच कार्टमध्ये बसले तर फरक गुणाचा नव्हे, वजनाचा पडतो. म्हणून तर खऱ्या शर्यतीत सीटला शिशाच्या वड्या बोल्टने आवळून वजन सारखे करतात. रोटॅक्स या इंजिन कंपनीच्या कार्टिंगच्या जागतिक अंतिम स्पर्धेत सगळ्यांना सारख्याच कार्ट आणि इंजिने देतात, आणि कुणाला कुठली हे चिठ्ठी टाकून ठरते. ते एवढे करतात, मग निवड चाचणीला आपण का करू नये? आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, त्या रविवारी पहिला येणारा पोरगा बहुतेक वेळा याच ट्रॅकवर आधी फेऱ्या मारून गेलेला असतो. आपले स्टॉपवॉच त्याच्या बापाची ऐपत सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत अचूक मोजते.

२०११ साली फोर्स इंडिया संघाने “शंभर कोटींतून एक” अशा घोषणेने पोरे शोधली. त्यातून अर्जुन मैनी, जेहान दारूवाला आणि तरुण रेड्डी पुढे आले. शोध वाया गेला असे कुणी म्हणू नये. मुंबईच्या जेहानने २०२० साली बहारीनच्या साखीरला फॉर्म्युला २ ची शर्यत जिंकली आणि तसे करणारा तो पहिला भारतीय ठरला. पण शंभर कोटी हा आकडा मला तेव्हाही खटकला होता. या शंभर कोटींतल्या किती जणांचे बूड आयुष्यात एकदा तरी कार्टच्या सीटला लागले होते? आमच्या उद्यमनगरात चौदा-पंधरा वर्षांची पोरे आहेत, लेथ आणि वेल्डिंगच्या आवाजात वाढलेली. टू-स्ट्रोक इंजिनाचा आवाज ऐकून पेट्रोल-हवेचे मिश्रण कोरडे (पेट्रोल कमी) चालले आहे की ओले (पेट्रोल जास्त) ते सांगतात, तेही काम करता करता, मान वर न करता. त्यांच्यातला कुणी ड्रायव्हर निघेल याची हमी मी देत नाही. पण आपली चाळणी त्यांच्या गल्लीपर्यंत जातच नाही, तेव्हा “आपल्याकडे टॅलेंटच नाही” हे वाक्य तरी निदान जपून वापरावे.

वयाचे काय? उशिरा येणाऱ्यांची आपल्याला भीती का वाटते? अर्जेंटिनातल्या बाल्कार्सेचा मेकॅनिक हुआन मॅन्युएल फँजिओ पहिल्यांदा जगज्जेता झाला तेव्हा चाळिशीला टेकलेला होता, शेवटचा झाला तेव्हा ४६ चा. जुना काळ म्हणून तो सोडून द्या. २००८ साली निसान आणि प्लेस्टेशनने व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांतून ड्रायव्हर निवडायला सुरुवात केली तेव्हा सगळे हसले. पहिला विजेता लुकास ऑर्डोन्येझ २०११ साली ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात दुसरा आला. २०११ चा विजेता यान मार्डेनबरो २०१३ ला तिथेच वर्गात तिसरा. ती निवड मात्र एका फेरीवर नव्हती : गेमवर वरचढ ठरलेल्यांना शिबिरात नेऊन खऱ्या गाडीत बसवले, घासून घेतले, आणि कोण किती लवकर शिकतो ते पाहिले. आणि आपल्याच घरातले उदाहरण : पुण्याच्या डायना पुंडोले. शिक्षिका, दोन मुलांची आई, महिलांसाठीच्या टॅलेंट हंटमधून या खेळात आल्या आणि २०२४ साली कार रेसिंगचे राष्ट्रीय विजेतेपद जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. म्हणजे दार जरा वेगळ्या जागी उघडले की वेगळी माणसे आत येतात, हे आपल्याला माहीत आहे. एकदा करून दाखवले आहे.

इटलीचा ड्रायव्हर अ‍ॅलेक्स झनार्दी याचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. २००१ साली जर्मनीत शर्यतीत दोन्ही पाय गेले. कृत्रिम पायाने ब्रेक आणि हाताने थ्रॉटल अशी गाडी तो तिशी उलटल्यावर नव्याने शिकला आणि २००५ साली ओशर्सलेबेनला वर्ल्ड टूरिंग कारची शर्यत जिंकला. ज्यांना वाटते की गुण पायात असतो त्यांनी त्याचे काय करायचे ते ठरवावे.

आता मागणे. फार नाही, आणि यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही.

हंट एका दिवसाची करू नका. दोन रविवार घ्या, मध्ये आठवडा सोडा. पहिल्या रविवारी पोरांच्या फेऱ्या घ्या, मग एका जाणत्या माणसाने त्यांना अर्धा तास ट्रॅकवर पायी फिरवून ब्रेक कुठे, हात कधी, नजर कुठे एवढे सांगावे. मग पुन्हा फेऱ्या. दोन्हींमधला फरक लिहून ठेवा. नवखा पोरगा पहिल्या दिवशी भराभर सुधारतोच, असा आक्षेप कुणी घेईल आणि तो बरोबर आहे. म्हणून तर दोन गट हवेत : आधी कार्ट चालवलेले वेगळे, पहिल्यांदाच बसणारे वेगळे. नवख्याची तुलना नवख्याशी. आणि एका झकास फेरीला भुलू नका. दहाच्या दहा फेऱ्या लावून बघा. एक फेरी जोरात आणि नऊ इकडे-तिकडे, हा नशिबाचा खेळ. दहा फेऱ्या एकमेकींना चिकटून खाली उतरत जातात, तो पोरगा मला दाखवा.

कार्ट चिठ्ठी टाकून द्या आणि प्रत्येक फेरीच्या सत्रानंतर बदला. वजन सारखे करा. प्रवेश फी ठेवायचीच असेल तर मेकॅनिकच्या, ड्रायव्हरच्या, एसटी कामगाराच्या पोरांना ती माफ करा. प्रायोजकाच्या एका फ्लेक्सच्या खर्चात ते भागते.

कार्टमधून उतरल्यावर पोराशी बोला. वेळ किती लागली ते विचारू नका, ते आपल्याला माहीतच आहे. विचारा, तिसऱ्या वळणावर काय झाले? बहुतेक पोरे म्हणतील, “गाडी घसरली.” एखादे म्हणेल, “मी उशिरा ब्रेक लावला, मग हात जास्त फिरवला, म्हणून पुढची चाके ढकलायला लागली.” दहा-अकरा वर्षांच्या पोराला कार्ट पळवताना एवढे बघायला डोक्यात जागा उरत असेल, तर त्याच्याकडे मी काही वर्षे लक्ष ठेवीन, मग त्याची वेळ काहीही असो. पुढे मोठ्या संघांत इंजिनिअर ड्रायव्हरकडे हेच मागतात.

शेवटची मागणी पाण्याची. ट्रॅक ओला करा. कोरड्यात जिथून सगळे जातात तिथे रबर बसून काळा पट्टा तयार होतो. कोरड्यात तो पकड देतो, ओल्यात तोच सर्वांत निसरडा. म्हणून पावसात ती पाठ केलेली वाट सोडून बाहेरून जावे लागते, जिथे डांबर अजून खरखरीत आहे. २०१६ च्या ब्राझील शर्यतीत व्हर्स्टॅपेन शेवटच्या पंधरा-सोळा फेऱ्यांत सोळाव्यावरून तिसरा आला तो अशाच वाटा शोधत. ट्रॅक ओला झाला की ज्याने याच ट्रॅकवर शंभर फेऱ्या मारल्या आहेत त्याची पाठांतराची पुंजी बरीचशी संपते आणि सगळ्यांना वाट नव्याने शोधावी लागते. कोण शोधतो आणि कोण जुन्याच पट्ट्यावर घसरत राहतो, हे बघायला पंधरा मिनिटे पुरतात. दुचाकीवर पावसाळा काढणाऱ्या आमच्या भागातल्या पोरांना तिथे थोडा फायदा होईल, हे मी लपवत नाही.

उन्हाळ्यात हंट असते, पाऊस कुठून आणायचा, अशी अडचण कुणी काढेल. आमच्याकडे लग्नाच्या मांडवापासून रस्त्याच्या कामापर्यंत सगळीकडे टँकर येतो. पुढची निवड चाचणी कोल्हापुरात ठेवा, टँकरचे मी बघतो. फक्त आदल्या दिवशी कळवा, टँकरवाला रविवारी फोन उचलत नाही.

आपला नम्र,
कोल्हापूरचा एक फ्लॅग मार्शल